रोस्ट परका, ताट कावेरीचं

क्युबात शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यातलं जनावर सरकारला न विचारता कापणं हा कित्येक दशकं थेट तुरुंगात नेणारा गुन्हा होता. क्रांतीनंतर १९६०च्या दशकात गुरांवर सरकारी हुकमत आली आणि गोमांस रेशनच्या यादीत गेलं. हवानात यावर एक कडवट विनोद चालत आला आहे: माणूस मारलास तर लवकर सुटशील, गाय मारलीस तर मेलास. २०२१ साली नियम थोडे सैल झाले. सरकारचा कोटा पुरा करणाऱ्या शेतकऱ्याला उरलेलं जनावर विकायची, खायची मुभा मिळाली.

आपल्याला हे वाचून लगेच गोवंशहत्याबंदी आठवते, पण सारखेपणा वरवरचा आहे. तिथे प्रश्न पावित्र्याचा नव्हता, दुधाचा आणि टंचाईचा होता. फिडेल कास्त्रोंना दुधाचं वेड होतं. ‘उब्रे ब्लांका’ नावाच्या गाईने १९८२ साली एका दिवसात शंभर लिटरहून जास्त दूध दिलं, तर ती देशाची नायिका झाली. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, पेंड आणि डिझेल येईनासं झालं, गुरं रोडावली. अशा रीतीने क्युबाचा प्रसिद्ध बीफ रोस्ट हवानात दुर्मीळ झाला आणि समुद्रापलीकडे मायामीत, टॅम्पात, क्युबातून बाहेर पडलेल्यांच्या घरी रविवारच्या रविवार शिजत राहिला.

या रोस्टला तिकडे ‘बोलिचे’ म्हणतात. गुराच्या मांडीच्या मागचा गोल, लांबट, जवळजवळ बिनचरबीचा तुकडा घ्यायचा. लांब सुरीने त्याच्या पोटातून आरपार बोगदा पाडायचा आणि त्यात चोरिसो ठासायचं. गोव्याचं चोरीस ज्या कुळातलं, त्याच इबेरियन कुळातलं हे सॉसेज. मग आंबट संत्र्याचा रस, भरपूर ठेचलेला लसूण, जिरं आणि ओरेगानो लावून तुकडा रात्रभर मुरवायचा, सकाळी तेलात चारी बाजूंनी खरपूस करायचा आणि कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, तमालपत्र, थोडी वाईन यांच्यासोबत झाकण लावून अडीच-तीन तास मंद आचेवर सोडून द्यायचा. ओव्हन लागत नाही. नाव रोस्टचं, काम जाड बुडाच्या भांड्याचं. शेजारी पांढरा भात, काळ्या घेवड्याची दाट उसळ, दोनदा तळलेली कच्ची केळी आणि लसणीच्या रसात भिजवलेला कसावा. या जोडीदारांशिवाय ताट पुरं होत नाही. कोणी नुसता रोस्ट वाढला तर क्युबन माणूस बाकीचं कुठे आहे म्हणून विचारील.

हे ताट मी जेवलो ते कुंभकोणमला.

गावात देवळं इतकी की रस्ता विचारला तर देवळाच्या खुणेनेच सांगतात. तंजावर इथून साधारण चाळीस किलोमीटर. १६७५-७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी तंजावरची गादी घेतली आणि पुढची पावणेदोनशे वर्षं या कावेरीकाठी भोसल्यांचा अंमल राहिला. त्यांच्यासोबत कारकून आले, पुराणिक आले, शिलेदार आले, आचारीही आले. कुंभकोणमात देशस्थांची वस्ती चांगली जमली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. पण आज मराठी वाचकाला ‘तंजावरचे मराठे’ म्हटलं की डोळ्यांपुढे सोवळ्यातलं केळीचं पान येतं. ते अर्धंच चित्र आहे. तिथे मांस खाणारी मराठा घरं होती आणि आहेत. मी जेवलो ते घर त्यांपैकी एक.

घरचा मुलगा टॅम्पात नोकरी करून परतलेला. टॅम्पाच्या इबोर सिटी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारच्या कारखान्यांमुळे क्युबन कामगारांची मोठी वस्ती झाली. तिथल्या शेजाऱ्यांकडून तो हा रोस्ट शिकला. त्याची आजी घरात तंजावरी मराठी बोलते. त्या मराठीत आपल्याला जुने वाटणारे शब्द आहेत, तमिळचा हेल आहे, आणि ‘तुम्ही महाराष्ट्रातले, तुमचं मराठी वेगळंच’ असा एक ठाम निवाडाही आहे.

पहिला पेच मांसाचाच. तमिळनाडूत १९७६च्या सरकारी आदेशाने गाय आणि कालवड कापायला बंदी आहे. बैल आणि म्हैस मात्र दहा वर्षांवरची, कामाला आणि विणीलाही निकामी ठरली आणि तसा दाखला मिळाला तर कापता येतात. त्यामुळे वाणियंबाडी-अंबूरकडे बीफ बिर्याणी उघड विकली जाते. महाराष्ट्रात १९९५ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीला २०१५च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीत आले. उरली ती म्हैस आणि रेडा. पण कुंभकोणमच्या या घरात कायद्याचा प्रश्नच आला नाही. तिथे गोमांस शिजत नाही आणि आजी असेपर्यंत शिजणार नाही. नातवाने वाद घातला नाही. त्याने बोकडाची राण आणली, हाडासकट, सव्वादोन किलोची.

मग याला क्युबन म्हणावं का? माझ्या मते म्हणावं. बोलिचेचा तुकडा मुळात फिका असतो. चव येते ती आंबट फळ, लसूण, जिरं आणि वेळ या चौघांमुळे. आणि ही चौकडी जमवायला कुंभकोणमसारखी जागा शोधून सापडणार नाही. आंबट संत्र्याच्या जागी नार्त्तंगाय आलं, जाड सालीचं, कडवट-आंबट फळ. तमिळ घरांत त्याचं मिठात मुरवून वाळवलेलं लोणचं दहीभाताबरोबर खातात. त्याचा रस साल न दाबता, हलक्या हाताने काढावा लागतो, नाहीतर कडूपणा उतरतो. मग त्यात चव सरळ करायला दोन लिंबं.

ओरेगानोची गंमत त्याहून मोठी. अंगणात कुंडीमध्ये कर्पूरवल्ली होती, जाड, लोकरी पानांची. तमिळनाडूत मुलाला खोकला झाला की तिचा रस देतात. आपण तिला पानओवा म्हणतो आणि पावसाळ्यात तिची भजी तळतो. हीच वनस्पती इंग्रजीत ‘क्युबन ओरेगानो’ या नावाने विकली जाते. मूळ ना क्युबाचं, ना ती खरा ओरेगानो, पण कॅरिबियन बेटांवर मांसाला लावायला ती सर्रास वापरतात. टॅम्पाहून आणलेली वाळक्या ओरेगानोची बाटली नातवाने कपाटातच ठेवली आणि आठ-दहा पानं लसणीबरोबर पाट्यावर वाटली. लसूण, खडेमीठ, भाजलेलं जिरं, पानओवा. वास पाटावरवंट्याच्या खोलीतून ओसरीपर्यंत आला तेव्हा आजीने बसल्या जागेवरून विचारलं, ‘कोणाला खोकला झालाय?’

भांडं निवडतानाही कुंभकोणमच आडवं आलं. पितळ-काशाच्या भांड्यांसाठी हे गाव नावाजलेलं आहे. बाजारात भांड्यांच्या दुकानांची रांगच आहे. घरात एक सुरेख ईयचोंबू होता, कथिलाचा गोल तांब्या. त्यात रसम करतात आणि त्या चवीची शपथ घेणारे लोक आहेत. पण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत पातळ पदार्थ असेपर्यंत भांडं सुरक्षित, कारण पाणी उकळताना शंभर अंशांच्या आसपासच राहतं. रिकामा ईयचोंबू जाळावर ठेवलात तर पाणी ओतायच्या आत त्याचा गोळा होईल. सुनेला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट ही, असं आजी म्हणाल्या. राण खरपूस करायला तर तेल धूर येईपर्यंत तापवावं लागतं. तेव्हा जाड काशाचं, कल्हई न केलेलं पातेलं निघालं.

तेलावरून थोडी चकमक झाली. नातवाला शेंगदाण्याचं तेल हवं होतं, आजीला तिळाचं. तिळाचं जिंकलं. माझं मत नातवाच्या बाजूचं. घाण्याच्या तिळतेलाचा स्वतःचा आवाज मोठा आहे, नार्त्तंगायला तो पुढे येऊ देत नाही. आजींच्या घरी बसून हे बोलायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितो.

खरपूस करणं हे घाईचं काम नाही. राण पातेल्यात टाकली की ती चिकटते, आणि चिकटू द्यायची. आपोआप सुटेपर्यंत हलवायची नाही. सुटली की ती बाजू लाल झाली असं समजायचं. चारी बाजू झाल्यावर राण काढून त्याच तेलात कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो. बुडाला चिकटलेला तपकिरी थर टोमॅटोच्या पाण्याने सुटतो आणि रश्शाचा रंग तिथेच ठरतो. घरात दारू येत नाही, म्हणून वाईनच्या जागी व्हिनेगर आणि ताडगुळाचा लहानसा खडा. मग राण परत आत, मुरवणाचा उरलेला रस वर, पाणी अर्ध्यापर्यंतच, वर जड झाकण. आच इतकी मंद की झाकणाला कान लावला तरच बुडबुडा ऐकू यावा.

मांडी हा चालणारा स्नायू. त्यात कोलॅजेन नावाचे चिवट धागे भरपूर. साधारण सत्तर अंशांच्या पुढे, ओलाव्यात, तासन्‌तास राहिले की ते विरघळून जिलेटिन होतात, आणि तेच रश्शाला बोटाला चिकटणारा दाटपणा देतात. जोरात उकळलं तर धागे विरघळायच्या आधी मांस आक्रसून सुकतं. प्रेशर कुकर हे काम चाळीस मिनिटांत करतो आणि वाईट करत नाही. पण कुकरमध्ये रस आटत नाही, त्यामुळे रस्सा पातळ राहतो. बोकडाच्या राणेला इथे दोन तासांहून थोडं जास्त लागलं. रेड्याचं किंवा बैलाचं मांस असतं तर तास-दीड तास आणखी धरावा लागला असता. काम करून थकलेल्या जनावराचं मांस कधीच चटकन शिजत नाही. या खोऱ्याचा स्वतःचा उंबळच्चेरी बैल भाताच्या चिखलात नांगर ओढण्यासाठीच नावाजलेला आहे. आणि नातं दुसऱ्या बाजूनेही आहे: क्युबातली बहुतेक गुरं झेबू कुळातली, म्हणजे वशिंडाची, आणि झेबूचं मूळ भारतीय उपखंडात.

राण शिजत होती तोवर जोडीचे पदार्थ झाले. कच्ची केळी या गावात मागावी लागत नाहीत. जाड काप एकदा मंद तेलात तळायचे, वाटीच्या बुडाने चपटे करायचे, लसणीच्या मीठपाण्यात बुडवून परत कडक तेलात. पाण्यातून तेलात टाकताना तडतड उडते, मुलांना लांब ठेवा. कसावा तमिळनाडूत मरवळ्ळि किळंगु म्हणून मिळतो. आपल्या उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि तो बहुतांशी सेलमकडून येतो. म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं हे कंदमूळ आपण आषाढीला भक्तिभावाने खातो, पण कंद म्हणून ओळखत नाही. इथे तो मिठाच्या पाण्यात फुटेपर्यंत उकडला, मधली शीर ओढून काढली आणि वर गरम तेलात लसूण आणि नार्त्तंगायचा रस. काळा घेवडा गावात नव्हता, म्हणून लाल चवळी. पूर्व क्युबातही भातात लाल घेवडा घालतात, तेव्हा हा काही अधर्म नाही.

आणि मग आजींनी न सांगता, न विचारता, एक पातेलं आणून ठेवलं. कडप्पा.

कुंभकोणमबाहेर हा पदार्थ फारसा कोणी ओळखत नाही. आंध्रातल्या त्याच नावाच्या शहराशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. मुगाची डाळ मऊ शिजवायची, उकडलेला बटाटा हाताने फोडून घालायचा, खोबरं, बडीशेप, हिरवी मिरची, डाळं आणि लसूण यांचं वाटण, दालचिनी-तमालपत्राची फोडणी, वर कांदा, शेवटी लिंबू. हळद नाममात्र, लाल तिखट नाहीच. इडली-डोशाबरोबर खायचा. कुंभेश्वर देवळाजवळच्या, १९१४ पासून चालत आलेल्या मंगळांबिका विलासासारख्या कॉफी हॉटेलांनी त्याला गावाची ओळख बनवलं. काही हॉटेलांत तो ठरावीक दिवशीच होतो, आणि त्या दिवशी सकाळी उशिरा गेलात तर साध्या सांबारावर भागवावं लागतं. राणेचा रस्सा आंबट आणि गडद, कडप्पा पांढुरका आणि सौम्य. भातावर दोन्ही एकत्र आले तेव्हा ताटातली सर्वांत चांगली गोष्ट ती झाली. त्या दिवशी काळ्या घेवड्याची उणीव भासली नाही ती कडप्पामुळे.

तंजावरच्या मराठी स्वयंपाकाचं काय झालं तेही यातूनच कळतं. त्या दरबाराला खाण्याविषयी लिहून ठेवायची हौस होती. एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जिलबी कशी करायची तेही आहे. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ ठरवला आणि तो अभ्यासकांपुढे आणला. सव्वाशे वर्षांनी दुसरे सरफोजी गादीवर आले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, हाती उरला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. उरलेला वेळ आणि पैसा त्यांनी ग्रंथ, वैद्यक, छापखाना, संगीत यांत घातला, आणि स्वयंपाकातही. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे त्यांच्या काळातलं मराठी पाकपुस्तक. त्यात ब्राह्मणी शाकाहारी स्वयंपाक आहे, मराठ्यांचा मांसाहारी आहे आणि इंग्रजी पद्धतीचाही आहे. एकाच राजवाड्यात तीन चुली आणि तिघींची टिपणं एका भाषेत. त्या काळात दुसऱ्या कुठल्या मराठी दरबाराने साहेबाच्या खाण्याची इतक्या आस्थेने मराठीत नोंद केली असेल असं मला वाटत नाही. दिवाणखान्यात साहेबाला जेवू घालणारे राजे पुष्कळ होते. आपल्या आचाऱ्याला त्याचं जेवण शिकवून ते लिहून घेणारे विरळ.

१८५५ साली शेवटचे राजे शिवाजी वारले, मुलगा नव्हता, आणि कंपनीने तंजावर खालसा केलं. मुदपाकखाना बसला. मांसाचे राजेशाही पदार्थ मोठ्या खर्चाचे, मोठ्या ताफ्याचे. ते मोजक्या घरांत उरले आणि तिथेही सणापुरते. टिकले ते स्वस्त, रोजचे, जोडीचे पदार्थ. उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर तिथे डांगर पच्चडी म्हणून अजून होतं. पिठल्याशी ज्याचं नातं लावतात ते पिट्लै कारली-वांगी घालून, खोबरं-धणे वाटून असं काही वेगळंच होऊन बसलं. वांगीभात आणि पोळी तर आता तिथल्यांचीच आहेत. संभाजीराजे पाहुणे असताना आमसुलं संपली आणि सांबार जन्मलं अशी जी गोष्ट सांगतात, तिला कागदाचा आधार नाही. संभाजीराजे तंजावरला पाहुणचाराला गेल्याची नोंद कुठे नाही, आणि मोगलांशी झुंजण्यात गेलेल्या त्यांच्या नऊ वर्षांत तशी सवडही दिसत नाही. गोष्ट छान आहे, सांगायला हरकत नाही, इतिहास म्हणून सांगू नये.

क्युबाचंही तेच. बीफ गेलं, पण भात, घेवडा, केळी आणि कसावा बेटावर प्रत्येक घरात राहिले. मायामीत बीफ परत मिळालं तेव्हा ताट तयारच होतं, रोस्ट फक्त मधे येऊन बसला. खाणं वाचवतात ते बाजूचे पदार्थ. मुख्य पदार्थ पैशावर आणि कायद्यावर चालतो.

मराठी वाचकाला खरा बीफ रोस्ट आपल्याच शेजारात चाखायचा तर जागा गोवा. ख्रिस्ती घरांत सणावाराला आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लवंग आणि व्हिनेगर किंवा लिंबू लावून तुकडा मुरवतात आणि भांड्यातच भाजतात. पातळ चकत्या करून रश्शासकट वाढतात, सोबत बटाटे. क्युबाला स्पेनने आणि गोव्याला पोर्तुगालने एकाच द्वीपकल्पाची रीत दिली, हा योगायोग नव्हे. पण गोव्याचा पुरवठा बऱ्याच अंशी बेळगावकडून येतो. कर्नाटकाच्या विधानसभेत २०२० साली गोवंशहत्याबंदीचं विधेयक मंजूर झाल्यावर त्या नाताळात आणि नव्या वर्षात गोव्यातली दुकानं ओस पडली होती. तेव्हा तिथेही ताटाचा मधला भाग दुसऱ्या राज्याच्या विधानसभेवर अवलंबून आहे.

कुंभकोणमच्या त्या जेवणात राण सुरीने कापावी लागली नाही, पळीनेच तुटली. आजींनी मांसाचा एक तुकडा खाल्ला, कसाव्याला हात लावला नाही, केळी दोनदा घेतली. निकाल असा दिला: ‘मटण बरं आहे. लसूण फार.’

कोणाला करून पाहायचं असेल तर नार्त्तंगाय मिळेलच असं नाही. महाळुंग किंवा दोन लिंबं आणि एका आंबट मोसंब्याचा रस चालेल. पानओवा कुठल्याही रोपवाटिकेत मिळतो. राण आदल्या रात्री लावून ठेवा, तेल शेंगदाण्याचं घ्या, आणि सोबत कडप्पा जरूर करा. कुंभकोणमला जाऊन खायचं असेल तर २०२८चं महामहम सोडून जा. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वणीला तिथे लाखोंनी लोक तळ्यात स्नानाला येतात, आणि हॉटेलात बसायला जागा मिळत नाही.